देव्हाऱ्यातलं पुस्तक

मयूर विहार, दिल्ली
८ नोव्हेंबर

माधवीताई,

पुस्तक मिळालं. लगेच पाघळले असं समजू नकोस. माझ्या लग्नाला आली नाहीस, तनयाच्या बारशाला आली नाहीस, आणि बावीस वर्षांनी एकदम इंग्रजी पुस्तक! तेही नाव न घालता. गेटवरच्या गार्डने हातात ठेवलं, "मॅडम, आपके लिए," बस. पण मला या जगात पुस्तक पाठवणारं दुसरं आहे कोण? सुजय वाढदिवसाला प्रेशर कुकर देतो.

तुझा पत्ता पद्मजामावशीकडून घेतला. फोन नंबर मात्र तिने दिला नाही, म्हणाली, माधवीने शपथ घातलीय. गुरुग्रामला राहतेस म्हणे. म्हणजे मेट्रोने दीड तास. आणि मी आपली तुला अमेरिकेत कल्पून बसले होते.

आमचं बरं चाललंय. सुजयला कंपनीने जुलैपासून बंगलोरला पाठवलंय. मार्चमध्ये आम्हालाही घेऊन जायचं म्हणतो. बघू. बाबा दोन वर्षांपासून माझ्याकडे आहेत. गावी न्हाणीत पाय घसरला, मग एकटं ठेवणं शक्य नव्हतं. सुभेदार हिंमतराव आता काठी घेऊन चालतात, पण गार्ड अजून सॅल्यूट ठोकतात आणि बाबा अजून तो घेतात. तनया सातवीत आहे. कँटोन्मेंटच्या क्वार्टरमध्ये तू होतीस तशीच, कमी बोलणारी आणि टक लावून बघणारी.

पुस्तक मी ऑफिसला जाता-येता मेट्रोत वाचते. जमैकातली एक बाई स्वतःचं लहानपण सांगते. तिचे वडील सुतार, रास्ताफारी पंथाचे. हा पंथ मला माहीतच नव्हता. केसांना कात्री लावायची नाही, जेवणात मीठ नाही, मांस नाही, आणि बाहेरच्या साऱ्या जगाला ते बॅबिलॉन म्हणतात. ज्यांच्या आज्या-पणज्या साखळदंडात बांधून आणल्या, त्यांनी आमचे केस आमचे म्हणावं, हे मला पटतं. तिलाही पटतं. पण या सुताराने डोंगरावर घर बांधलं आणि पोरींना त्यात ठेवलं. ती म्हणते, वडिलांनी दाराला कडी कधीच लावली नाही. गरजच पडली नाही. तिथे वाचताना माझं स्टेशन चुकलं.

आता गंमत ऐक. मागच्या कव्हरवर तिचा लहानपणचा फोटो आहे, खांद्यावर जटाच जटा. बाबांनी तो बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि हात जोडले. "ही तर आपल्या यल्लम्माची." मी म्हटलं, अहो बाबा, ती जमैकाची आहे. तर म्हणतात, "देवीला पासपोर्ट लागतो का?" आणि पुस्तक नेऊन देव्हाऱ्यात ठेवलं, हळदकुंकू वाहून. आता मला रोज सकाळी देवापुढून पुस्तक उचलावं लागतं आणि संध्याकाळी परत ठेवावं लागतं. कव्हरवरच्या 'बॅबिलॉन' शब्दावर कुंकवाचा डाग पडलाय.

हसलीस तर मला आवडेल.

हे पुस्तक तू का पाठवलंस ते कळतंय, मी काही इतकी बावळट नाही. पण आईचा विषय काढू नकोस. तू तिची जट कापलीस आणि महिना उलटायच्या आत ती गेली. यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही.

सुकन्या

---

१९ नोव्हेंबर

ताई,

उत्तर नाही. ठीक आहे. पोस्टाचा दोष असेल असं मी ठरवून टाकलंय.

इथे धुरक्याने जीव घेतलाय. भरदुपारी दिवे लावून बसतो. समोरची बिल्डिंग दिसत नाही, तिच्यातल्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू येते. शाळा ऑनलाइन झाल्यात, म्हणजे तनया दिवसभर घरी, बाबांजवळ.

पुस्तकात तू पेन्सिलीने रेघा मारल्यास त्या आता दिसायला लागल्यात. सुरुवातीच्या पानांत नव्हत्या. पोरगी शाळेत जाते आणि मुलं तिच्यापासून लांब बसतात, तिथे एक. तिला डोकं खाजवायचं असतं पण खाजवलेलं वडिलांना चालत नाही, तिथे दोन. आणि पानांमध्ये खुणेसाठी लांब केस ठेवलेत. हे काय गं? साधा कागद नव्हता का? पहिला केस निघाला तेव्हा मेट्रोत मी पुस्तक मिटूनच टाकलं. आईच्या केसांसारखा दिसला.

मागच्या पत्रात एक सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, मी सांगितलं नाही.

तनयाला जट आलीय.

नवरात्रात दिसली. मानेवर, डाव्या कानामागे, सुपारीएवढी गाठ. आता वीतभर झालीय. मी सकाळी सातला घर सोडते, तेव्हा तिच्या केसांचं बाबाच बघत होते. तेल लावून द्यायचे, मला किती बरं वाटायचं! आपल्या डोक्यावरून कधी हात फिरवला नाही त्यांनी, नातीच्या तरी फिरवतायत. गाठ दिसल्यावर मी फणी घेऊन बसले तर बाबांनी हात धरला. म्हणाले, "देवी बावीस वर्षं रुसली होती. परत आलीय. आता कुठे जायची नाही."

तेव्हापासून ते तिला नावाने हाक मारत नाहीत. "आई" म्हणतात. पंचाहत्तर वर्षांचा माणूस काठी बाजूला ठेवून बारा वर्षांच्या पोरीच्या पाया पडतो, आणि ती पाय मागे घेत नाही. मंगळवारी, शुक्रवारी तिला देव्हाऱ्यासमोर पाटावर बसवतात. सोसायटीतल्या बायका येतात, शेजारची चोप्रा आंटी तर नारळ घेऊन येते. "बेटा, मेरी बहू कब लौटेगी?" तनया काहीतरी उत्तर देते. बायका रडतात.

मला ती एकदाच म्हणाली, "आई, खूप खाज येते यार." मी म्हटलं, होईल सवय.

मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला तिला देवीच्या डोंगरावर नेऊन गळ्यात लालपांढऱ्या मण्यांची माळ बांधायची, असं बाबांनी ठरवलंय. अकरा तारखेची निजामुद्दीनहून तिकिटं काढलीत. नुसतं दर्शन म्हणतात. नुसतं काय असतं ते तुला-मला ठाऊक आहे. माळ पडली की पोर देवीची. मग शाळा कुठली, बंगलोर कुठलं? सुजयला मी फोनवर सांगितलं, केसांत गुंता झालाय.

कात्री माझ्या शिवणाच्या डब्यात आहे. रोज बघते. पण आईचं काय झालं ते मी पाहिलंय ना. उद्या पोरीला काही झालं तर? तू कसा लावलास गं हात? भीती नाही वाटली?

सुकन्या

---

२९ नोव्हेंबर

ताई,

आता घाबरवू नकोस मला. घाबरायला इथे पुरेसं आहे.

रेघा वाढतायत. आधी वाटलं माझी नजर चुकली. म्हणून सोमवारी पुढची पानं चाळून बघितली, कोरी होती, देवाशप्पथ. बुधवारी मेट्रोत उघडलं तर रेघा. मधला दिवस मंगळवार. मंगळवारी बाबा पुस्तक हलवू देत नाहीत, ते दिवसभर देव्हाऱ्यात होतं. मी जिथवर वाचते, त्याच्या दोन पानं पुढे कोणीतरी बसलेलं असतं. आणि दर वेळी एक नवा केस.

मंगळवारी मी सुट्टी घेतली. म्हटलं बघू तरी काय चालतं. पाटावर तनया बसली होती, बायका ओळीने पाया पडत होत्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिने मान वळवली नाही, डोळे मिटलेले, आणि म्हणाली, "सुके, दूध उतू चाललंय."

दूध खरंच उतू चाललं होतं.

सुके मला फक्त आई म्हणायची. तनयासमोर तो शब्द कोणी कधी काढलेला नाही. नंतर तिला विचारलं तर म्हणते, "मी? मी तर काहीच नाही बोलले." वाटलं, आई आलीय. जट कापली म्हणून रुसून गेलेली, माझ्या पोरीत येऊन बसलीय, आणि पुस्तकात रेघा तीच मारतेय. हस. मी बी.कॉम. आहे, आणि मला असं वाटलं.

पण आजचं ऐक, कारण आज वाटलं ते वेगळं आहे.

आजच्या पानावर ती लिहिते, की आपले केस आपोआप असे वाढतात असं तिला अकरा वर्षांपर्यंत वाटायचं. मग एक दिवस आरशात तिला मागे वडिलांची बोटं दिसली. कुठल्याशा झाडाचा डिंक लावून ती बट पिळत होती. "हात वडिलांचे होते," या वाक्याखाली इतकी दाबून रेघ की कागद फाटलाय. तिथे ठेवलेला केस उचलला तर बोटाला चिकटला. मी वास घेतला.

ताई, तो वास मला माहितीये. तुलाही आहे. आईच्या उशीचा वास. आंबूस, कच्च्या दुधासारखा. आपण समजायचो जटेलाच तो वास असतो.

हाफ डे टाकून घरी आले. बाबा पार्कात गेले होते, तनया क्लासमध्ये, लॅपटॉपसमोर, डोक्यावर हूड ओढून. देव्हाऱ्यात मूर्तीमागे हात घातला तर स्टीलची डबी. आत पांढरट चीक. मग पार्कात गेले. मागच्या बाजूला एक मोठा वड आहे, त्याच्या पारंब्यांवर ब्लेडने पाडलेल्या बारीक चिरा. काही ताज्या, काही सुकून काळ्या झालेल्या.

आई गोष्ट सांगायची ना, राम वनवासाला निघाला तेव्हा वडाचा चीक लावून जटा केल्या. सांगताना ती बाबांकडे बघायची, असं आता मला आठवतंय. की मी आता रचतेय? मला कळेनासं झालंय.

कारण आपल्यात नियम एकच. जट येते, ती आणायची नसते. आणली तर ती देवीची नाही. आणि बाबांनी ही आणली असेल, तर आईची कोणी आणली?

आई कशाने गेली ते तुला माहीत आहे का? एवढंच सांग. दोन ओळी लिही.

सुकन्या

---

९ डिसेंबर

ताई,

तुझं पत्र शनिवारी आलं. इतकं वाचलंय की पाठ झालं.

"सुकन्या, मी कुठलंही पुस्तक पाठवलेलं नाही. तुझा पत्तासुद्धा मला तुझ्या पत्रावरूनच कळला. आईचं हृदय निकामी होत चाललंय हे डॉक्टरांनी वर्षभर आधी सांगितलं होतं. बाबांना माहीत होतं. कात्री आईने स्वतः माझ्या हातात दिली. म्हणाली, जाताना मान हलकी असू दे. मी सांगितलं असतं तरी तेव्हा कोणी ऐकलं असतं? तू मुलीला विचार. बाबांना नको, देवीला नको. मुलीला विचार."

पहिलं वाक्य वाचून मी खाली गेले, गार्डकडे. पुस्तक कोण देऊन गेलं होतं? तो माझ्याकडे बघतच राहिला. "मॅडम, आपकी बिटिया ने ही तो दिया था. बोली, मम्मी को दे देना, मेरा नाम मत लेना."

रविवारी सकाळी तिच्याजवळ बसले. म्हटलं, पुस्तक कुठून आणलंस? शाळेच्या बुक फेअरमधून म्हणे, पप्पांनी दिवाळीला दिलेल्या पैशांतून. फोटोतली मुलगी तिच्यासारखी दिसली म्हणून. मग मला सरळ का नाही दिलंस?

"मी दिलं असतं तर तू म्हणाली असतीस, ठेव तिथे, बघू नंतर. तू माधवीमावशीचं समजलीस, मग मी चुप राहिले. मावशीचं तू वाचतेस."

आणि केस?

"तुला वास यावा म्हणून."

तोंडात मारल्यासारखी बसले. पाटावर बसल्या बसल्या, बायका नारळ फोडत असताना, पुस्तक मांडीत घेऊन माझी पोर मला हाका मारत होती. आणि मी भुतं शोधत होते. डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं होतं ते मी, दुसरं कोणी नाही.

तिला विचारलं, कापू? ती म्हणाली, "मी मरणार का?"

बघ, तिलाही कोणीतरी तुझी गोष्ट सांगितली होती. मी म्हटलं, नाही. आणि मला खात्री नव्हती, ताई. एवढं पत्र वाचूनसुद्धा खात्री नव्हती. तरी शिवणाचा डबा आणला.

गॅलरीत बसवलं तिला. कात्री आत शिरेचना, दोन्ही हातांनी दाबावी लागली. करकर असा आवाज येत होता. अर्ध्यात बाबा दारात येऊन उभे राहिले. मला वाटलं काठी उगारतील. नुसते उभे. माझा आवाज चढला, खालून लोक वर बघायला लागले. मी म्हटलं, "देवीची जट आपोआप येते, बाबा. ही तुम्ही आणलीत. मग आता कोप कोणावर व्हायचा?"

बाबांनी काठी भिंतीला टेकवली. मग अगदी शांतपणे, हजेरीला उत्तर द्यावं तसं म्हणाले, "तुझी आई तुम्हा दोघींना घेऊन कायमची माहेरी निघाली होती. ट्रंक भरली होती. मग जट आली, आणि राहिली." मग म्हणाले, "मार्चमध्ये तुम्ही बंगलोरला जाणार. मी कुठे जाऊ?"

मला राग यायला हवा होता. आलाही. पण त्यांचे हात बघितले, ताई. बोलत होते तेव्हा बोटं शालीच्या दशा पिळत होती. त्यांना कळतही नव्हतं. एकेक दशा, उजवीकडून डावीकडे. सगळ्या दशांची एक घट्ट वेणी झाली होती.

शेवटचा पीळ तुटला आणि तनयाची मान एकदम वर झाली. म्हणाली, "आई, हलकं वाटतंय." तुझ्या पत्रातला शब्द. तिने पत्र वाचलेलं नाही.

दिवसभर तिच्या कपाळाला हात लावून बघते. ताप नाही. आज तिने तीन पराठे खाल्ले आणि मला म्हणाली, आई, बघणं बंद कर प्लीज.

पुस्तक संपवलं. शेवटच्या पानावर त्या बाईचे केस तिची आत्या कापते. आई बाजूला उभी असते. ती लिहिते, आईने आयुष्यभर सगळं पाहिलं होतं, फक्त दुसऱ्या कोणीतरी कात्री आणावी याची वाट बघत होती. त्याखाली रेघ नाही. मीच मारली.

सुकन्या

---

१५ डिसेंबर

ताई,

आज पौर्णिमा. तनया खाली बॅडमिंटन खेळतेय, बॉबकट करून आलीय. शाळा सुरू झाली. बंगलोरचं पक्कं झालं, मी सुजयला सगळं सांगितलं.

बाबा अकरा तारखेच्या गाडीने एकटेच गेले. मी थांबवलं नाही. काकांच्या युवराजने त्यांना बेळगावला उतरवून घेतलं, पुढे गावी स्वतःच्या घरी ठेवणार आहे. एकटं कोणी ठेवत नाही गं त्यांना. निघताना त्यांनी तनयाची कापलेली जट मागितली, लाल फडक्यात बांधून पिशवीत ठेवली. देवीला वाहतो म्हणाले. नवरात्रानंतर पहिल्यांदा तनयाला नावाने हाक मारली. ती आली नाही. स्टेशनवर मी पाया पडले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा. नुसता ठेवला, फिरवला नाही.

आता लिहायचं ते सोपं नाही, म्हणून भराभर लिहिते.

काल न्हाताना माझ्या मानेशी बोट अडकलं. डाव्या कानामागे. सुपारीएवढी गाठ.

थंडीचं डोकं धुवायचा कंटाळा करते, लोकरी टोपी घालून मेट्रोत बसते, त्याने झालं असेल. रविवारी दुपारी मी सोफ्यावर झोपायची आणि बाबा शेजारच्या खुर्चीत बसायचे, त्यानेही झालं असेल. मी तेल लावून बघितलं, सुटत नाही. बोटाने चोळून वास घेतला. पुन्हा घेतला.

हिला कसलाच वास नाही.

काल होती त्यापेक्षा आज मोठी लागतेय. मला मागून दिसत नाही. तनयाला दाखवली नाही. दाखवली तर ती कात्री घेऊन उभी राहील, मी ओळखते तिला. पण माझ्या पोरीच्या हातात ती कात्री मला द्यायची नाही. उद्या मला साधी सर्दी झाली तरी ती जन्मभर स्वतःला दोष देत बसेल. तू एकोणीस वर्षांची होतीस तेव्हा आईने तुझ्या हातात दिली, आणि आम्ही सगळ्यांनी तुझं काय केलं ते मी बघितलंय.

मी मरणार नाही, मला माहीत आहे. तनया खाली ओरडतेय, हसतेय, पुरावा समोर आहे. तरी अक्षर बिघडतंय, बघ.

तू ये. यलो लाइनने राजीव चौक, तिथून ब्लू लाइन. मयूर विहार फेज वनला उतर, मी गेटवर उभी असेन. घरात कोणी नाही तुला रागावणारं. चहा करते, तुला आवडायचा तसा गवती चहा घालून.

कात्री धार लावून आणलीय. टेबलावर ठेवलीय.

सुकी